वस्तूंना हात लावल्याशिवाय पुढे जाऊ नये

लिंबाजीनानांनी मला बोर्ड छापायला सांगितला तो असा: 'वस्तूंना हात लावल्याशिवाय पुढे जाऊ नये.'

तेरला एसटी स्टँडजवळ माझं झेरॉक्सचं आणि फ्लेक्सचं दुकान आहे. 'येथे गाड्या लावू नयेत', 'येथे थुंकू नये', 'उधारी मागू नये' हे सगळं मीच छापतो. त्यामुळं गावात कुणी काय करायचं नाही, हे माझ्याइतकं दुसऱ्या कुणाला पाठ नसेल. मला वाटलं, नानांच्या बोलण्यात काहीतरी उलटंपालटं झालं. म्हटलं, "नाना, 'हात लावू नये' असं पायजे ना?"

"ते सगळं मनून झालं आयुष्यभर," नाना म्हणाले. "कारखान्याच्या गेटवर वॉचमन हुतो तवा दुसरं काय मनलं म्या? आत येऊ नका, इथं थांबू नका, हात लावू नका. आता उलटं मनायचंय. छाप गुमान."

मी छापला. बोर्ड बघून दुकानातली गिऱ्हाइकं हसली. नाना कुणाकडं न बघता बोर्ड काखोटीला मारून गेले आणि त्यांनी तो गुरुजींच्या दाराला खिळ्यानं ठोकला.

गुरुजी म्हणजे आमच्या गावचे लेखक. आयुष्यभर झेडपीच्या शाळेत शिकवलं आणि उरलेल्या वेळात गोष्टी लिहिल्या. दोन पातळ पुस्तकं आली. लई खपली असं नाही, पण ज्यांनी वाचली ते अजून भेटले की त्यातलं काहीतरी काढतात आणि हसतात. बायको लवकर गेली, मुलगी लग्न होऊन पुण्याला. पुढं गुरुजीही गेले. मुलीनं, म्हणजे शालिनीताईंनी, घराची किल्ली नानांकडं दिली. पावसाळ्यात कुठं गळतंय का बघा, अधूनमधून दारं-खिडक्या उघडा, एवढंच सांगितलं होतं. नानांनी दारं-खिडक्या उघडल्या आणि आत संग्रहालय काढलं.

आता आमच्या गावात जुन्या वस्तूचं कौतुक करून घेणं म्हणजे सोपं काम नाही. इथं पाऊस पडून गेला की पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडावर मणी सापडतात. नांगराला खापर लागलं आणि ते सातवाहनांच्या इकडचं असलं तर लोक वाकतसुद्धा नाहीत. अशा गावात नानांनी गुरुजींचा स्टीलचा पेला मांडला. लोक विचारायचे, "नाना, केवढा जुना हाय?" नाना म्हणायचे, "माज्यासमोर घेतला, बाजारातनं." लोक आल्या पावली परत जायचे.

नानांच्या डोक्यात हे खूळ शिरलं त्याला मी साक्षीदार आहे. एकदा आम्ही गावातली चार-सहा घरं मिळून गाडी करून देवदर्शनाला गेलो होतो. वाटेत एका मोठ्या लेखकाचं स्मारक लागलं, म्हणून उतरलो. आत काचेची कपाटं. एका काचेत चष्मा, एकीत पेन, एकीत टोपी. माझ्या बायकोनं सगळं संग्रहालय चपला न काढता बघून घेतलं आणि बाथरूम कुठं आहे ते विचारलं. नाना मात्र दोरीच्या पलीकडं गेले आणि लेखकाच्या खुर्चीत बसले. तिथल्या वॉचमननं शिट्टी मारली. नाना लगेच उठले. त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बराबर हाय बाबा तुजं. म्याबी हेच केलं असतं."

परत येताना गाव जवळ आल्यावर नाना एकदम म्हणाले, "चष्मा ठेवला. पर त्यातनं काय दिसत हुतं, ते कुठं ठेवलं? नुसतं बघून काय कळतंय?"

'नुसतं बघून काय कळतंय?' हे तेव्हापासून नानांचं पालुपद झालं. भाजीवाल्याकडं वांगी घेतानाही ते हेच म्हणायला लागले, आणि भाजीवाला वैतागला.

त्यामुळं नानांच्या संग्रहालयात नुसतं बघण्याची सोय नाही. दारात गेलं की आधी हातात बादली येते. गुरुजी लिहायला बसायच्या आधी हौदातनं बादलीभर पाणी काढून अंगणातल्या जास्वंदाला घालायचे, म्हणून पाहुण्यानंही घालायचं. पाहुणे जास्त आले की जास्वंदाची मुळं कुजायला लागतात. मग नाना शेवटच्या दोघातिघांना फरशीवर ओतायला लावतात. त्यानंतर गुरुजींचा चष्मा डोळ्यांवर चढवायचा आणि टेबलासमोरच्या खिडकीतनं बाहेर बघायचं. त्या नंबरात कुणालाही काही दिसत नाही. सगळं गढूळ, आणि मधोमध एक काळा ठिपका हलताना दिसतो.

"दिसली?" नाना विचारतात.

"काय?"

"शेळी."

गुरुजींची सगळ्यांत गाजलेली गोष्ट शेळीची आहे. लग्नाच्या पत्रिकांचा गठ्ठा शेळी खाऊन टाकते आणि मुलीच्या बापाला ऐनवेळी गावात घरोघरी जाऊन तोंडानं आमंत्रण द्यावं लागतं. त्यात ज्या भावाशी त्याची वर्षानुवर्षं बोलचाल नाही, त्याचंही दार येतं. ही गोष्ट ज्या शेळीवरून सुचली ती खिडकीबाहेर बांधलेली असायची. ती केव्हाच गेली. नानांनी तिची नात शोधून आणली आणि त्याच खुंट्याला बांधली. संग्रहालयाचा सगळा खर्च म्हणजे तिचा चारा. वस्तूंपुढं ठेवायला मी पुठ्ठ्यावर छापून दिलेली नावंही तिनंच खाल्ली. मी तक्रार केली तेव्हा नाना खूश झाले. म्हणाले, "बग, रक्तात हाय तिच्या."

आणि शेवटी खुर्ची. गुरुजींच्या खुर्चीचा एक पाय आखूड आहे. तिच्यात पाहुण्यानं बसायचं आणि शेळीची गोष्ट मोठ्यानं वाचायची. नाना समोर पालथ्या घमेल्यावर बसतात. गुरुजी असताना ते रोज संध्याकाळी तिथंच बसायचे. गुरुजी लिहिलेलं आधी नानांना वाचून दाखवायचे, मगच पक्कं करायचे. नानांनी एकदाही "छान आहे" म्हटलं नाही. पटलं तर मान हलवायची, नाही पटलं तर उठून शेळीला पाला घालायला जायचं. नाना उठले की गुरुजी पान फाडायचे, असं सांगतात.

ह्या वाचनात नानांचा छळ टोकाला जातो. "हळू. रेल्वे पकडायचीय का?" "इथं थांबायचं. गुरुजी थांबायचे." मुलीचा बाप भावाच्या दारासमोर उभा राहतो, तिथं गुरुजी गोष्ट थांबवून तपकीर ओढायचे आणि शिंकायचे. म्हणून पाहुण्यानंही शिंकायचं. खोटं का होईना, पण शिंकायचं. बीडकडचे एक प्राध्यापक म्हणाले, मला येत नाही. नाना म्हणाले, "मग गोष्ट इथंच राहिली. बाप दारातच हुबा हाय. तुमची मर्जी." प्राध्यापक शिंकले.

शिंक झाली की नाना तांब्या पुढं करायचे. पाहुण्यानं दोन घोट प्यायचे आणि पुढं वाचायचं. मला हा सगळा तमाशा वाटायचा. पण एक सांगतो, काचेच्या कपाटांतलं मला आज काही आठवत नाही, आणि गुरुजींच्या घरात एकदा येऊन गेलेली माणसं पुन्हा गावात आली की माझ्या दुकानात डोकावून विचारतात, शेळी बरी आहे का?

ह्या संग्रहालयात हात लावायची बंदी असलेली एकच वस्तू होती. कोपऱ्यातल्या पितळी ताटात एक शाल, एक नारळ आणि एक वाळका हार. गुरुजींचा आयुष्यात एकदाच सत्कार झाला, कळंबला. त्याचं हे ताट. नारळ गुरुजींनी फोडलाच नाही. आत खोबरं सुटून तो आता खुळखुळा झालाय. शाल मात्र ते दर थंडीत अंगावर घेऊन बसायचे. तिच्या घडीघडीत तपकीर मुरलेली. मी एकदा तिला हात लावायला गेलो तर नानांनी माझं मनगट धरलं.

"बोर्डावर काय लिहिलंय, नाना?"

"बोर्ड बाकीच्याला. हिला न्हाय. हिला अजून वास हाय. जो तो हाताळाय लागला तर किती दिस टिकंल?"



गेल्या वर्षी नाना माझ्या दुकानात बसलेले असताना त्यांना शालिनीताईंचा फोन आला. घराला गिऱ्हाईक आलं होतं, फरशांचं दुकान टाकायला. त्यांचंही चूक नव्हतं. घर गळत होतं, त्या पुण्यात, बघणार कोण? पण त्यांनी नानांचा मान ठेवला. म्हणाल्या, "जिल्ह्याहून ते सांस्कृतिक खात्याचे लोक येऊन बघून जाऊ देत. त्यांना हे संग्रहालय चालवण्यासारखं वाटलं तर राहू दे. नाहीतर दिवाळीनंतर मी घर देऊन टाकते. मी पण येते त्या दिवशी."

नानांनी ऐकून घेतलं. दुकानातनं निघताना फक्त म्हणाले, "फरशीच्या दुकानात शेळी बांधू देत्यात का रं?"

पाहणीच्या दिवशी गावानं कंबर कसली. नानांनी शेळीला शिकेकाईनं न्हाऊ घातलं. सरपंचबाई नवीन साडीत आल्या. सूत्रसंचालनाला आमचा प्रभाकर. लग्न असो, निरोप समारंभ असो, श्रद्धांजली असो, माईक प्रभाकरकडं असतो आणि चारोळ्याही त्याच असतात. तपासणीला धाराशिवहून एक मॅडम आल्या. तरुण होत्या, कॉटनची साडी, पाठीला सॅक. शालिनीताई दाराशी उभ्या होत्या.

आता आमच्याकडं पाहुणा आला आणि सत्कार झाला नाही, असं होत नाही. आग विझवायला बंब आला तरी आधी ड्रायव्हरला नारळ देतील. प्रभाकरनं धाराशिवहून शाल-नारळ आणला होता, पण ती पिशवी एसटीच्या सीटवर विसरून तो उतरला. हे त्याला कळलं ते 'आता मान्यवरांचा यथोचित सत्कार' असं माईकवर म्हणून झाल्यावर. त्यानं इकडंतिकडं बघितलं. कोपऱ्यात पितळी ताट. ताटात घडी केलेली शाल, नारळ, हार. आमच्या जिल्ह्यातल्या कुठल्याही माणसाला असं ताट दिसलं तर तो दुसरा अर्थ लावूच शकत नाही. प्रभाकरला वाटलं, नाना किती हुशार, सगळी तयारी करून ठेवलीय. त्यानं ताट उचललं आणि सरपंचबाईंच्या हाती दिलं.

नाना त्या वेळी घरामागं होते. न्हालेल्या शेळीनं खुंटा उपटला होता. तो पुन्हा ठोकून होतोय तोच टाळ्यांचा आवाज ऐकून ते आत आले, तर मॅडमच्या खांद्यावर गुरुजींची शाल, गळ्यात वाळका हार आणि त्यांचा ड्रायव्हर नारळ घेऊन गाडीकडं निघालेला. नारळ खुळखुळत होता.

नानांनी माझा दंड धरला. "काढ मन त्यांला."

"नाना, सत्काराची शाल आहे. परत कशी मागायची?"

कशी मागणार? एकदा अंगावर घातलेली शाल परत मागणं म्हणजे पाहुण्याचा भर सभेत अपमान. मॅडमच्या एका शब्दावर घर राहणार होतं की जाणार होतं. आणि न बोलावं तर पाहुणी जाताना शाल अंगावर घेऊन जाणार, धाराशिवला जाऊन धुणार, आणि गुरुजींचं जे काही त्या घरात उरलं होतं ते बादलीतनं वाहून जाणार. नाना माझ्याकडं बघत होते. शालिनीताई नानांकडं बघत होत्या. शेवटी नानांनी माझा दंड सोडला आणि ते पुढं झाले.

"या," ते मॅडमना म्हणाले. "बादली घ्या."

आवाजात जीव नव्हता. मॅडमनी जास्वंदाला पाणी घातलं, चष्मा लावला, खिडकीतनं बघितलं. "काहीतरी काळं हलतंय," म्हणाल्या. एरवी ह्यावर नानांची कळी खुलते. आज ते नुसतं "शेळी" म्हणाले. मला वाटलं, झालं. दिवाळीनंतर इथं मार्बल लागणार.

मॅडम खुर्चीत बसल्या. खुर्ची डुगडुगली. नाना घमेल्यावर बसले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. मॅडम वाचायला लागल्या. चांगलं वाचत होत्या, पण भराभर. नाना "हळू" म्हणाले नाहीत. बाप घरोघरी जाऊन आमंत्रण देत होता, लोक हसत होते, प्रभाकरसुद्धा हसला. मग बाप भावाच्या दारासमोर येऊन उभा राहिला आणि मॅडम थांबल्या.

कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी शालीचा पदर नाकाशी धरला, डोळे बारीक केले आणि शिंकल्या. खरीखुरी शिंक. एक, मग दुसरी, आणि तिसरीला पुस्तकच मांडीवर पडलं.

नाना डोळे न उघडता उठले. वर्षानुवर्षं उठत आले होते तसेच. तांब्या उचलला आणि खुर्चीपुढं धरला.

"घ्या, गुरुजी," ते म्हणाले. "सावकाश. गोष्ट कुठं जात न्हाय."

नानांनी डोळे उघडले. समोर शाल होती, खुर्ची होती, आणि एक अनोळखी तरुण बाई. नाना तांब्या धरून तसेच उभे राहिले. मीही खाली बघितलं. इतकी वर्षं मी ज्याला तमाशा म्हणत होतो तो काय होता, हे मला तेव्हा कळलं. हा माणूस येईल त्या पाहुण्याला खुर्चीत बसवून, थांबवून, शिंकायला लावून आपल्या दोस्ताला पाणी पाजत होता.

मॅडमनी दोन्ही हातांनी तांब्या घेतला. दोन घोट प्यायल्या.

"पुढं वाचा," दाराशी उभ्या असलेल्या शालिनीताई म्हणाल्या.

मॅडमनी गोष्ट शेवटपर्यंत वाचली, हळूहळू. भावानं दार उघडलं आणि म्हणाला, पत्रिका कशाला पायजे, तू आलास की. नानांनी मान हलवली.

मग मॅडम उठल्या. शालीला हात लावून म्हणाल्या, "ही गुरुजींचीच आहे ना?" प्रभाकर छताकडं बघायला लागला. पाहुण्यानं आपल्या अंगावरची शाल सभेतल्या वडीलधाऱ्याच्या खांद्यावर घालायची, अशीही एक रीत आमच्याकडं आहे, आणि तिच्यात कुणाचा अपमान होत नाही. मॅडमनी शाल काढली आणि नानांच्या अंगावर घातली. नाना ताठ उभे राहिले. हात अंगाला चिकटवलेले, जणू हलले तर काही सांडेल. मग त्यांनी हळूच मान खाली करून श्वास घेतला.

नारळ मात्र गाडीतनं धाराशिवला गेला. मॅडमनी दुसऱ्या दिवशी तो एसटीच्या कंडक्टरबरोबर परत पाठवला.

सरकारी कागद कुठवर आलाय ते मला माहीत नाही. असले कागद आपल्या चालीनं येतात. शालिनीताईंनी मात्र त्याची वाट बघितली नाही. जाताना किल्ली नानांच्या हातात ठेवून म्हणाल्या, "बाबा गेल्यावर मी इथं फक्त त्यांच्या वस्तू मोजून गेले होते, नाना. पत्रे बदलून देते. घर राहू दे." फरशीवाल्याला दुसरी जागा मिळाली. बोर्ड त्यानं माझ्याकडूनच छापून नेला, 'फरशीवर पाय देऊ नये.'

दुकान बंद केलं की हल्ली मीच जातो गुरुजींच्या घरी. पाहुणे रोज येत नाहीत, आणि संध्याकाळ रोज येते. मी डुगडुगत्या खुर्चीत बसतो, वाचतो. नाना घमेल्यावरनं रागावत असतात. हळू वाच. गिळू नको. ते झेरॉक्स न्हाय. बाप भावाच्या दारासमोर आला की मी इमानदारीत खोटं शिंकतो.

परवा मला सर्दी झाली होती. भलत्याच पानावर, शेळी अजून पत्रिका खात असतानाच, खरी शिंक आली. म्हटलं, आता बसणार शिव्या. नाना उठले. तांब्या माझ्यापुढं धरला. ह्या वेळी त्यांचे डोळे उघडे होते, आणि ते मला गुरुजी म्हणाले नाहीत.

"घे," म्हणाले. "पी सावकाश. म्या बसलोय."